गोळीचं नाक चपटं का?

बेळगाव-निपाणी पट्ट्यात पीक राखणीचा परवाना म्हटलं की ठासणीची बंदूक आठवते. तिची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळं शिशाची गोळी जरा सैल असली तरी चालून जातं. 1894 च्या विंचेस्टरसारखी लीव्हर रायफल मात्र नखरेल. तिच्या नळीत पिळाचे आटे असतात. गोळी सैल बसली तर तापलेला वायू कडेनं निसटतो, शिसं वितळवतो आणि ते आट्यांत चिकटून नेम बिघडतो. म्हणून ओतीव गोळी आट्यांच्या व्यासापेक्षा इंचाच्या हजाराव्या भागानं जाड ठेवतात. शुद्ध शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं, पण फार मऊ. म्हणून त्यात मिसळ करतात: कथलानं साचा नीट भरतो, अँटिमनीनं कडकपणा येतो.

खरी गंमत नाकाची. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागोमाग एक बसतात. प्रत्येक गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बार पेटवणाऱ्या टोपीला टेकलेलं. नाक टोकदार असेल, तर धक्क्यानं टोपी तिथंच पेटू शकते. म्हणून नाक चपटं.

अशी गोळी शिकारीची, पण आपल्याकडं शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्यानं चाप बसला. कॅलिफोर्नियात शिकार चालते, पण गिधाडांच्या पोटात शिसं जातं म्हणून 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळीलाच बंदी आहे.