विश्लेषण : ‘अगोआ’ची मुदत संपली… आफ्रिकेचा व्यापार कोणाच्या मर्जीवर?

आफ्रिकी देशांच्या मालाला अमेरिकेत शुल्कमुक्त प्रवेश देणाऱ्या ‘अगोआ’ कायद्याची मुदत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्याआधी जूनमध्ये चीनने आफ्रिकेतील ५३ देशांच्या मालावरील आयात शुल्क शून्यावर आणण्याची घोषणा केली होती. एका महासत्तेने सवलत काढली आणि दुसरीने देऊ केली, तर आफ्रिकेचे नेमके काय बदलते?

‘अगोआ’ म्हणजे काय?

‘आफ्रिकन ग्रोथ अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट’ हा कायदा बिल क्लिंटन यांच्या कारकीर्दीत मे २००० मध्ये झाला. सहाराच्या दक्षिणेकडील पात्र देशांना त्याचा लाभ मिळे. २०१५ मध्ये त्याला १० वर्षांची मुदतवाढ मिळाली. गरीब देशांसाठी यातील सर्वांत मोलाची तरतूद तयार कपड्यांची होती. कापड कोणत्याही देशातून आणा, कपडे आफ्रिकेत शिवा आणि शुल्काविना अमेरिकेत विका, अशी ती मुभा होती. त्यामुळेच तैवानी उद्योजकांनी लेसोथोत कारखाने थाटले. तेथे लीव्हायसारख्या ब्रँडच्या जीन्स शिवल्या जाऊ लागल्या.

लेसोथोला सर्वाधिक फटका का?

चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या देशाची लोकसंख्या सुमारे २३ लाख आहे. खासगी क्षेत्रात सर्वाधिक रोजगार देणारा उद्योग कपड्यांचाच, आणि कामगारांत बहुसंख्य महिला. डोनाल्ड ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर बोलताना, ज्याचे नावही कोणी ऐकलेले नाही असा देश, अशी लेसोथोची संभावना केली. महिनाभरातच, २ एप्रिलला, लेसोथोवर ५० टक्के शुल्क जाहीर झाले. व्यापारी तुटीला आयातीने भागायचे आणि येणारा आकडा निम्मा करायचा, असे त्यामागचे सूत्र होते. लेसोथो अमेरिकेला कपडे विकतो, पण गरिबीमुळे अमेरिकी माल फारसा घेत नाही. म्हणून सर्वांत चढा दर त्याच्या वाट्याला आला.

ऑगस्टमध्ये हा दर १५ टक्क्यांवर आला. पण तोवर अमेरिकी खरेदीदारांनी मागणी रोखली होती आणि कारखान्यांत कामगारकपात सुरू झाली होती. जुलैमध्ये सरकारला बेरोजगारीच्या प्रश्नावर राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. केनिया आणि इस्वातिनी या स्पर्धकांवर मात्र २०२५ मध्ये १० टक्केच शुल्क होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अगोआ’चीही मुदत संपल्याने पूर्वी माफ असलेल्या मूळ आयात शुल्काने त्यात भरीस भर घातली.

ही सवलत बिनशर्त होती का?

नाही. कोण पात्र आणि कोण अपात्र, हे अमेरिकेचे अध्यक्ष ठरवत. रवांडाने स्थानिक शिलाई उद्योग वाचवण्यासाठी जुन्या, वापरलेल्या कपड्यांवरील शुल्क वाढवले. अमेरिकेतील जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केली आणि २०१८ मध्ये रवांडाची कपड्यांवरील सवलत स्थगित झाली. मानवी हक्कांच्या कारणावरून इथिओपियाला २०२२ पासून, तर युगांडाला २०२४ पासून वगळण्यात आले. कारण काही असो, काम गेले ते शिलाई यंत्रावर बसणाऱ्यांचे.

चीन हा पर्याय ठरेल?

२००९ पासून चीन हा आफ्रिकेचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार देश आहे. २०२४ मध्ये हा व्यापार सुमारे २९५ अब्ज डॉलरचा होता. मात्र त्यात आफ्रिकेची तूट ६० अब्ज डॉलरहून अधिक. आफ्रिका मुख्यतः तेल, तांबे, कोबाल्ट देते आणि यंत्रे, मोबाइल, वाहने घेते. जीन्स शिवण्यात चीन स्वतःच तरबेज असल्याने लेसोथोच्या कपड्यांना तेथे मोठे गिऱ्हाईक मिळणे अवघड आहे. शिवाय अट येथेही आहेच. तैवानशी राजनैतिक संबंध राखणारा इस्वातिनी तेवढा या सवलतीतून वगळला आहे.

भारताची भूमिका काय?

अल्पविकसित देशांना शुल्क सवलत देणारी योजना भारतानेही २००८ मध्ये जाहीर केली. मोझांबिकमधून तूर घेण्याचा करार २०१६ मध्ये झाला. पण येथेही आयातीची दारे देशातील भावांनुसार कमी-अधिक उघडतात. डाळ महागली की आयात हवीशी वाटते आणि भाव पडले की लातूर-विदर्भातील तूर उत्पादकांना ती नकोशी होते. या धरसोडीचा त्रास दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना होतो.

मग मार्ग कोणता?

या सवलती वाटाघाटींतून मिळालेल्या नाहीत. त्या एकतर्फी दिलेल्या आहेत, त्यामुळे देणारा त्या केव्हाही काढू शकतो. यावर उतारा म्हणून आफ्रिकी देशांनी खंडांतर्गत मुक्त व्यापार करार केला. ५५ पैकी ५४ देशांनी त्यावर सह्या केल्या असून जानेवारी २०२१ पासून त्यानुसार व्यापाराला औपचारिक प्रारंभ झाला. मात्र रस्ते, सीमेवरील खोळंबा आणि वेगवेगळी चलने हे अडथळे कायम आहेत. कच्चा माल बाहेर जाऊ न देता त्यावर देशातच प्रक्रिया व्हावी, असाही प्रयत्न आहे. झिम्बाब्वेने डिसेंबर २०२२ मध्ये कच्च्या लिथियमच्या निर्यातीवर बंदी घातली ती यासाठीच. या प्रयत्नांना फळ यायला वर्षे लागतील. लेसोथोतील कामगाराला पगार मात्र पुढच्या महिन्यात हवा आहे.