मोटरहोमला कुलूप कोणतं लावाल?

ब्रिटनमधल्या बऱ्याच मोटरहोम फियाट डुकाटो व्हॅनवर बांधलेल्या असतात. त्यामुळे एका गाडीवर जमलेली युक्ती चोराला अनेक गाड्यांवर चालते. ओबीडी पोर्टला यंत्र जोडून नवी चावी तयार करणं ही त्यातलीच एक. म्हणून आधी त्या पोर्टला कुलूप. स्टिअरिंग लॉक जाडजूड दिसतो म्हणून घेऊ नका, ‘सोल्ड सिक्युअर’चं मानांकन बघा.

ट्रॅकर ‘थॅचम’ मान्यतेचा हवा. एस-७ गाडीचा ठावठिकाणा सांगतो. एस-५ महाग, पण ड्रायव्हरचा टॅग जवळ नसताना गाडी हलली तर इशारा देतो आणि इंजिन पुन्हा सुरू होणं दुरूनच रोखता येतं. मात्र हिवाळाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरली, की ट्रॅकरही झोपतो. ती चार्ज ठेवा. आणि टॅग गाडीतच विसरलात, तर एस-५चे जास्तीचे पैसे पाण्यात!