खाते शाबूत, नोंद चुकलेली

अपडेट चालू असताना लाइट गेली, किंवा पडद्यावरच्या टक्केवारीला कंटाळून कोणी पॉवरचे बटण दाबून धरले, की पुढच्या वेळी विंडोज संगणक कधीकधी वेगळेच रूप दाखवतो. तो सुरू होतो, पासवर्डही मान्य करतो, पण समोर येतो कोरा करकरीत डेस्कटॉप. वॉलपेपर विंडोजचे मूळचे, ‘डॉक्युमेंट्स’ रिकामे आणि कोपऱ्यात इंग्रजी सूचना, की टेंपररी प्रोफाइलमध्ये प्रवेश दिला आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून घरोघरी आणि दुकानोदुकानी विंडोज ११ चढवण्याची घाई आहे. हे मोठे अपडेट चालताना अनेकदा संगणक बंद-चालू करते, त्यामुळे अडखळण्याच्या जागाही जास्त. खाते गेले, फायली गेल्या, ही पहिली समजूत. बहुतेक वेळा दोन्ही जागेवर असतात.

खाते आणि प्रोफाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाते म्हणजे नाव, पासवर्ड आणि विंडोजने त्या व्यक्तीला दिलेला ‘एस-१-५-२१’ असा सुरू होणारा लांबलचक ओळखक्रमांक. प्रोफाइल म्हणजे सी ड्राइव्हवरच्या ‘यूजर्स’मधला त्या व्यक्तीचा फोल्डर, त्यात फायली असतात आणि ‘एनटीयूजर.डॅट’ नावाची एक लपवलेली फाइलही, जिच्यात सगळ्या वैयक्तिक सेटिंग्ज साठवलेल्या असतात. कोणत्या क्रमांकाचा फोल्डर कोणता, हे रजिस्ट्री या विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतल्या ‘प्रोफाइललिस्ट’ या यादीत लिहिलेले असते. अपडेट मध्येच तुटले, की ही यादी चुकू शकते किंवा ‘एनटीयूजर.डॅट’ उघडता येत नाही. मग विंडोज जुन्या नोंदीच्या शेवटी ‘डॉट बॅक’ असे शेपूट लावून ती बाजूला ठेवते, त्याच क्रमांकाची नवी नोंद करते आणि ‘टेंप’ नावाच्या फोल्डरात वापरकर्त्याला बसवते. जमीन जागेवर, सातबारा चुकलेला, असा हा प्रकार.

सूचनेच्या त्या चौकटीत जुन्या फायली कुठे आहेत याविषयी अवाक्षर नसते, आणि इथेच खरे नुकसान सुरू होते. फायली गेल्या असे समजून लोक नव्या डेस्कटॉपवर काम सुरू करतात. टेंपररी प्रोफाइल साइन आउट करताच पुसले जाते; त्यात दिवसभर टाइप केलेले पत्रही त्यासोबत जाते. काही लोक याच घबराटीत संगणक फॉरमॅट करायला देतात. जी गोष्ट हरवलेलीच नव्हती, ती मग खरोखर हरवते.

म्हणून आधी ‘यूजर्स’ फोल्डर उघडून पाहायचा. तिथे जुना फोल्डर दिसला आणि त्याचा आकार भरभक्कम असला, तर निम्मी काळजी मिटते. ऑनलाइन मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या संगणकात या फोल्डरचे नाव सहसा ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरेच असते, त्यामुळे आपलाच फोल्डर अनेकांना ओळखता येत नाही. तो सापडला, की आतल्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची आणि मगच दुरुस्तीला हात घालायचा.

पहिला उपाय अगदी बाळबोध आहे: संगणक दोनतीनदा रीस्टार्ट करणे. अँटिव्हायरस किंवा मागे चालणारी एखादी सेवा ‘एनटीयूजर.डॅट’ अडवून बसली असेल, तर एवढ्याने प्रोफाइल परत येते. नाही आले, तर सेफ मोडमधून किंवा दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून रजिस्ट्री उघडावी लागते. ‘प्रोफाइललिस्ट’ची प्रत आधी एक्सपोर्ट करून ठेवायची, हे विसरता कामा नये. तिथे एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी दिसतात, एक शेपटाची आणि एक बिनशेपटाची. बिनशेपटाची नोंद ‘टेंप’कडे बोट दाखवत असते. तिचे नाव बदलायचे, जुन्या नोंदीचे ‘डॉट बॅक’ काढायचे, ‘प्रोफाइलइमेजपाथ’मध्ये जुन्या फोल्डरचाच पत्ता आहे ना ते पाहायचे आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. काम दहा मिनिटांचे आहे, पण रजिस्ट्रीची सवय नसलेल्याने ते जाणकाराला समोर बसवूनच करावे.

दरवेळी दोष वीज जाण्याचा किंवा वापरकर्त्याच्या उतावीळपणाचा नसतो. ११ फेब्रुवारी २०२० ला आलेल्या केबी४५३२६९३ या अपडेटनंतर, ते सुरळीत पूर्ण होऊनही, अनेकांना हाच कोरा डेस्कटॉप दिसल्याच्या तक्रारी आल्या. त्यांचे जुने फोल्डर ‘डॉट बॅक’ किंवा ‘डॉट ०००’ अशा शेपटांसह शाबूत होते. काहींचे काम नुसत्या रीस्टार्टने झाले, काहींना अपडेट काढून टाकावे लागले.

त्याआधीचे, ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटचे प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण तिथे फायली खरोखर पुसल्या गेल्या. ज्यांनी ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवला होता पण मूळ जागी काही फायली ठेवल्या होत्या, त्यांचा मूळ फोल्डर अपडेटने रिकामा आणि फालतू समजून आतल्या फायलींसकट उडवला. मायक्रोसॉफ्टने अवघ्या चार दिवसांत, ६ ऑक्टोबरला, वाटप थांबवले. मायक्रोसॉफ्टचे जॉन केबल यांनी तेव्हा दिलेला खुलासा वाचण्यासारखा आहे. फायली गेल्याच्या तक्रारींचे प्रमाण एका टक्क्याचाही शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारांत एक, असे त्यांनी सांगितले. आकडा खरा असेलही. पण कोट्यवधी संगणकांवर जाणाऱ्या अपडेटमध्ये दहा हजारांत एक म्हणजे किती माणसे, आणि त्यांतल्या किती जणांकडे दुसरी प्रत होती, याचे उत्तर त्या टक्केवारीत नाही. महत्त्वाचे हे, की अपडेट सर्वांना देण्यापूर्वीच चाचणी वापरकर्त्यांकडून अशा मोजक्या तक्रारी कंपनीकडे आल्या होत्या आणि त्या गर्दीत दबल्या. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवण्याची सोय ‘फीडबॅक हब’ या अ‍ॅपमध्ये केली गेली. १३ नोव्हेंबरला अपडेट पुन्हा सुरू झाले.

काही संगणक मात्र डेस्कटॉपपर्यंत पोहोचूच देत नाहीत. चार अंकी पिन चालत नसेल, तर फार घाबरण्याचे कारण नाही. पिन त्या यंत्रातल्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेला असतो, आणि ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून मूळ पासवर्ड देऊन सहसा आत जाता येते. निळ्या पडद्यावर डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरने ४८ अंकी किल्ली मागितली, तर गोष्ट वेगळी. संगणक सुरू होण्याच्या प्रक्रियेत बदल झाला आहे असा संशय आला, की चिप डिस्क उघडायला नकार देते. १३ मे २०२५ च्या केबी५०५८३७९ या अपडेटनंतर इंटेल व्हीप्रो प्रोसेसरच्या काही विंडोज १० संगणकांवर हेच झाले आणि सहा दिवसांत वेगळी दुरुस्ती काढावी लागली. किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, संगणक कचेरीचा असेल तर तिथल्या आयटी विभागाकडे असते. नसेल, तर ती मायक्रोसॉफ्टही देऊ शकत नाही. फोनवर ‘किल्ली काढून देतो’ म्हणणारा तर नक्कीच नाही. नव्या संगणकावर हे कुलूप बहुतेकदा मालकाला न विचारताच लागलेले असते, ही यातली सर्वांत आक्षेपार्ह बाब.

पासवर्डच आठवत नसेल आणि खाते स्थानिक असेल, तर दुसऱ्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने तो जबरीने बदलण्यात धोका आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कुलूपबंद केलेल्या फायली जुन्या पासवर्डाशी बांधलेल्या असतात. त्या मग उघडत नाहीत.

विंडोज ११ चढवल्यानंतरच गोंधळ झाला असेल, तर दहा दिवसांच्या आत ‘रिकव्हरी’मधून जुन्या आवृत्तीकडे परतता येते. पुढे जुनी आवृत्ती ठेवलेला ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर आपोआप पुसला जातो.

रजिस्ट्रीत सगळे ठीक असून ‘एनटीयूजर.डॅट’च खराब झाली असेल, तर नवे खाते काढून जुन्या फोल्डरातल्या फायली त्यात आणणे एवढेच उरते. ‘एनटीयूजर’ने सुरू होणाऱ्या फायली मात्र आणायच्या नाहीत, नाहीतर बिघाडही सोबत येतो. मराठी वापरकर्त्यांना इथे एक जादा ठेच लागते. २०१८ पासून विंडोज १० मध्ये डबल क्लिक करून बसवलेला फॉन्ट सहसा फक्त त्या खात्यापुरताच बसतो. त्यामुळे कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये केलेले जुने काम नव्या खात्यात उघडले, की इंग्रजी अक्षरांची रांग दिसते आणि फाइल बिघडली असे वाटते. फाइल ठीक असते. तोच फॉन्ट राइट क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ बसवला, की मजकूर मराठीत दिसू लागतो.