मोटारसायकलीचें लिंकेज व त्याची निगा

बैलगाडीच्या आंसाचें वंगण संपलें कीं ती कुरकुरूं लागते व धनी सावध होतो. मोटारसायकलीच्या मागील चाकाजवळचें लिंकेज मात्र पुष्कळदां आवाज न करितांच गंजतें. म्हणून त्याची माहिती शेतकरी बंधूंनीं करून घेणें अगत्याचें आहे.

ज्या गाडीस मागें दोन शॉकअब्सॉर्बर असतात तींत लिंकेज नसतें. एका शॉकच्या कांहीं गाड्यांत तो चाक धरणाऱ्या स्विंगआर्मास सरळ जोडलेला असतो; कांहींत मध्यें एक त्रिकोणी तुकडा व पट्ट्या असतात. हेंच लिंकेज. १९८०-८१ च्या सुमारास कावासाकीनें ‘युनी-ट्रॅक’ व होंडानें ‘प्रो-लिंक’ या नांवांनीं ही रचना पुढें आणिली. आपल्या देशांत २०१६ सालीं निघालेल्या रॉयल एनफील्ड हिमालयन गाडीस ती होती.

तिचें तत्त्व पहारेचें आहे. टेकू सरकविला कीं त्याच पहारेचा जोर बदलतो. चाक वर येतांना त्रिकोणी तुकडा फिरतो, व चाकाच्या तितक्याच उचलीस शॉक उत्तरोत्तर अधिक दाबला जातो. त्यामुळें बारीक खडीवर गाडी मऊ चालते, आणि मोठ्या खड्ड्यांत शॉक तळास आपटत नाहीं.

या सांध्यांत सुईसारख्या बारीक रुळांचीं बेअरिंगें असतात. तीं पूर्ण न फिरतां नुसतीं डोलतात, म्हणून ग्रीस सर्वत्र पसरत नाहीं. त्यांतच मागील चाकाचा चिखल तेथें उडतो. गगनबावडा-राधानगरीकडील पावसांत, किंवा जोराच्या फवाऱ्यानें गाडी धुतांना, पाणी रबरी सीलांतून आंत शिरतें. माझ्या एका आप्तानें गाडी मागें ताठ झाली म्हणून नवा शॉक बसविला, तरी ताठरपणा तसाच राहिला. अखेर सांधा उघडला, तों बेअरिंग गंजून जाम झालेलें! नव्या शॉकचा खर्च व्यर्थ गेला. शिवाय अशी गाडी घाटाच्या वळणावर खड्ड्यांतून उसळते, व जिवावर बेततें.

यास्तव दर पावसाळ्यानंतर चौकट टेकवून मागील चाक अधांतरीं करावें व तें हातानें हळूच उचलून पाहावें. शॉक दबण्यापूर्वींच खटखट जाणवल्यास सांधा झिजला असें समजावें. खटखट नसली तरी सांधे उघडावेत. बाहेरून तेल सोडून भागत नाहीं. आंतील पोलादी नळी काढून सर्व भाग डिझेलनें धुवावेत व कोरडे करावेत. गंज चढलेलें वा चरे पडलेलें बेअरिंग आणि फाटलेलें सील बदलावें. पाण्यांत टिकणारें ग्रीस रुळांमध्यें दाबून भरावें, आणि बोल्ट गाडीच्या पुस्तिकेंत दिलेल्या मापानेंच आवळावेत. शॉक बदलण्याचा विचार त्यानंतर करावा.