परदेशात भाड्याची गाडी : तयारी पनवेलहूनच करावी

पनवेल-तळोजा परिसरातील व्यापारी बांधव माल पाहण्यासाठी दुबई-शारजाला जातात. दिवसभर चार बाजार फिरायचे असतील तर टॅक्सीपेक्षा भाड्याची गाडी परवडते. पण तयारी नसेल तर फायद्याचा सौदा अंगाशी येतो.

पहिली गोष्ट परवान्याची. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या भारतीयाला तेथे आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. नमुना ४-अ भरून, लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा व तिकिटाच्या प्रती जोडून तो पनवेल आर.टी.ओ.कडून (एम.एच. ४६) निघण्यापूर्वीच काढावा. मुदत फार तर १ वर्षाची. परवान्याविना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भरपाई स्वतःच्या खिशातून जाते. नोकरीनिमित्त तेथे राहणाऱ्यास मात्र तेथलेच लायसन्स हवे.

दुसरी गोष्ट अनामतीची. ती बहुधा क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. दंड मागाहून कळतात, म्हणून गाडी परत केल्यावरही रक्कम लगेच सुटत नाही. हा पैसा माल खरेदीच्या हिशेबात धरू नये.

करार वाचूनच सही करावी. अपघातात पदरचे किती भरावे लागेल, किलोमीटरची मर्यादा किती, हे विचारावे. जुन्या ओरखड्यांचे फोटो ताब्यात घेतानाच काढावेत. दुबईत २००७ पासून ‘सालिक’ टोल आहे; तो बिलात वेगळा लागतो.

आणि तेथे वाहने उजवीकडून चालतात, हे चावी फिरवण्यापूर्वी आठवावे.