बिल वाढले कुणामुळे? घरून काम करणाऱ्या कुटुंबाचा विजेचा हिशेब

घरातली मुलगी किंवा सून घरी बसून कंपनीचे काम करू लागली आणि पुढच्याच महिन्यात विजेचे बिल वाढून आले, की दोषी कोण ते ठरलेलेच असते. "दिवसभर ते मशीन चालू असते, मग बिल येणार नाही तर काय!" असे वडीलधारी मंडळी म्हणतात, आणि मुलगी बिचारी पंखा बंद करून घामाघूम होत काम करते. त्र्यंबकेश्वरला व आसपासच्या वस्त्यांत बिले वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे नेहमी येते. बी.कॉम. झालेल्या कारकुनाकडे लोक दुसरे काय आणणार? त्या अनुभवावरून सांगतो, या खटल्यात बहुतेक वेळा निरपराध्याला शिक्षा होते.

हा प्रश्न आपल्याकडे एकदम आला तो मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी लागली, मंदिर बंद झाले, यात्रेकरू थांबले. त्यांच्यावर पोट असणारे फुलवाले, रिक्षावाले, लॉजवरचे कामगार घरी बसले. नाशिकला नोकरीला जाणाऱ्यांपैकी ज्यांचे काम संगणकावरचे होते, त्यांचेच तेवढे घरून चालू राहिले. कितीतरी घरांत त्या एका पगारावर चूल पेटत होती. त्या काळात महावितरणने मीटरवाचन थांबवून मागील हिवाळ्याच्या सरासरीने बिले दिली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन घेऊन उरलेल्या युनिटांची आकारणी एकदम केली. राज्यभर ओरड झाली. सरासरी थंडीतली आणि वापर भर उन्हाळ्यातला, तोही सगळे कुटुंब चोवीस तास घरात असताना, तेव्हा आकडा फुगणारच होता. पण "घरून काम म्हणजे बिल भरमसाट" ही समजूत तेव्हा बसली ती बसलीच.

आता हिशेब करू. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. साधारण लॅपटॉप पन्नास वॅट धरा. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा त्याहूनही कमी घेतो. रोज ९ तास, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ११.७ युनिट. पडद्यासह टेबलावरचा जुना संगणक असेल तर याच्या दुप्पट-तिप्पट.

त्याच घरात सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी बादलीत रॉड सोडलेला असतो. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला सुमारे ०.४४ युनिट लागते. घरात चार माणसे, चार बादल्या, तर दिवसाला पावणेदोन युनिट आणि महिन्याला बावन्नच्या आसपास. म्हणजे चार लॅपटॉप दिवसभर चालवले तरी रॉडची बरोबरी होत नाही! थोडे पाणी कडकडीत तापवून त्यात गार मिसळले की वाचते, असे काही भगिनी सांगतात. तसे होत नाही, उष्णता तेवढीच लागते. वाचवायचे तर बादली पाऊण भरावी, पाणी कोमट झाले की रॉड काढावा, आणि ज्यांच्याकडे बंब आहे त्यांनी तो मोडीत काढू नये.

दुसरा नंबर पंख्याचा. जुना पंखा ७५ वॅटचा. रोज बारा तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. बी.एल.डी.सी. मोटरचा पंखा तीसेक वॅटवर तेवढेच वारे देतो, म्हणजे अकराच्या आत काम भागते. घरातले सगळे पंखे बदलण्याच्या भानगडीत पडू नये. जो पंखा कामाच्या जागेवर दिवसभर फिरतो तो एकच आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला जुना असला तरी काय बिघडते? सेट टॉप बॉक्सकडे मात्र कुणाचे लक्ष नसते. टी.व्ही. बंद असतानाही तो दहा वॅट घेत असेल तर महिन्याला सात युनिट झाली. खालचे बटन बंद करणे एवढाच त्यावर उपाय.

पाच-दहा युनिटांसाठी एवढी घासाघीस कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर बिलाच्या मागच्या बाजूला आहे. २०२३-२४ च्या दरपत्रकात घरगुती वीज आकार १०० युनिटांपर्यंत ४ रुपये ४१ पैसे होता आणि १०१ ते ३०० पर्यंत ९ रुपये ६४ पैसे. दर पुढे बदलत राहतात, पण टप्प्यांची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल चढ्या दराने लागते, अशी समजूत मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. ती चुकीची आहे. पहिल्या शंभरांना खालचाच दर राहतो. १२० युनिट झाली तर त्या दराने वीज आकार ६३३ रुपये ८० पैसे होतो, आणि त्यातले १९२ रुपये ८० पैसे फक्त शेवटच्या वीस युनिटांचे. वहन आकार, स्थिर आकार आणि सोळा टक्के वीज शुल्क वेगळे. ती वीस युनिटे कोणती वाचवायची ते आपल्या हातात असते.

त्र्यंबकची अडचण मैदानातल्या गावांपेक्षा निराळी आहे. ब्रह्मगिरीवर ढग उतरले की जून ते सप्टेंबर भर दुपारी घरात अंधार. दिवा लावावाच लागतो, तेव्हा डोळे बिघडवून काटकसर करू नका. नऊ वॅटचा एल.ई.डी. दिवा दहा तास लावला तरी एक युनिट होत नाही. जुनी पट्टी चोकसकट त्याच्या पाचपट घेते. पत्र्याचे घर असेल तर एक पत्रा काढून तेथे फायबरचा पारदर्शक पत्रा बसवावा आणि कामाचे टेबल त्याखाली आणावे. पावसात लाईट जाते म्हणून कर्ज काढून मोठा इन्व्हर्टर घेण्याची घाई करू नये. बॅटरी भरताना आणि वापरताना बरीच वीज वाया जाते. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर दोन-तीन तास निघतात. बंद पडतो तो इंटरनेटचा राऊटर, आणि त्याच्यापुरती छोटी बॅटरी बाजारात मिळते.

विजेचा प्रश्न गरिबाच्या जगण्याचा आहे हे आपल्याला नवीन नाही. डॉ. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते तेव्हा वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना, वीज स्वस्त आणि मुबलक कशी मिळेल, हाच मुद्दा त्यांनी मांडला होता.

आता शिलाई मशीनवाल्या भगिनींसाठी. घरून काम म्हणजे केवळ लॅपटॉप नव्हे. सिन्नरकडे विड्या वळणाऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करीत आल्या आहेत, फक्त त्याला कोणी इंग्रजी नाव दिले नव्हते. घरी काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार मंजूर केला, त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. जागा, दिवा, पंखा सगळे कामगाराचे, आणि मजुरी नगावर! नगाचा दर ठरवताना विजेचा खर्च धरून मागा.

कारखान्यातली क्लच मोटर मशीनला असेल तर बटन चालू असेपर्यंत ती फिरतच राहते, तुम्ही धागा ओवत असलात तरी. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. मोटर बदलणे जमत नसेल तर काज-बटनाचे काम हाताने चालू असताना बटन बंद ठेवावे.

घरात मशीन लावले म्हणून व्यापारी दराचे मीटर घ्यावे लागेल, अशी भीती कोणी घातली तर घाबरू नका. राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांनुसार, राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लागू होतो. हा वापर वर्षअखेरीस तपासला जातो. म्हणून एप्रिल ते मार्चची बाराही बिले एका दोऱ्यात ओवून खुंटीला अडकवून ठेवा, आणि महावितरणच्या कार्यालयात जाताना ती बरोबर न्या.