चव हरवते ती नाकात

एक वेलदोडा सोला, नाक चिमटीत घट्ट धरा आणि दाणे चावा. जिभेला जरासा कडवटपणा कळेल, थोडा गारवा जाणवेल. बाकी नुसता चोथा. आता चिमूट सोडा आणि श्वास नाकाने बाहेर टाका. वेलची एकदम तोंडभर दरवळते. चावलेल्या घासाचा वास घशामागच्या वाटेने नाकात चढतो आणि आपण त्याला चव म्हणतो. जिभेच्या वाट्याला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच येतं. हापूसचं हापूसपण, साजूक तूप, हिंगाची फोडणी हे सगळं नाकाचं. ‘तोंडाला चवच नाही’ अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांची जीभ शाबूत असते. गेलेला असतो तो वास.

नाकात अगदी वर, जवळजवळ डोळ्यांच्या पातळीला, काही चौरस सेंटिमीटरचा एक पातळ पापुद्रा असतो. त्यात लक्षावधी गंधपेशी असतात आणि माणसाकडे गंध टिपणारी सुमारे ४०० प्रकारची ग्राहक प्रथिने आहेत. या ग्राहकांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. २००४ साली त्यांना नोबेल मिळालं. गंधपेशींचे तंतू कवटीच्या तळाशी असलेल्या, चाळणीसारखी भोकं पडलेल्या हाडातून मेंदूकडे जातात. दुचाकीवरून पडून डोकं आपटलं की मेंदू आत हिसका खातो आणि हे नाजूक तंतू तिथल्या तिथे तुटू शकतात. हाड मोडलेलं नसतं, जखम भरते, माणूस घरी येतो आणि पहिल्या घासाला त्याला कळतं.

कोविडमध्ये वेगळंच घडलं. तो विषाणू प्रामुख्याने गंधपेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींमध्ये शिरतो. तो आधार गेला की गंधपेशी निकामी होतात. पण गंधपेशी शरीरात आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. काहींचा मात्र वेडावाकडा परतला. कॉफी, कांदा, लसूण, अंडं यांना जळक्या रबराची किंवा कुजक्या कचऱ्याची घाण येऊ लागली. कांदा-लसणाची फोडणी पडली की ज्याला घराबाहेर पळावं लागतं, त्याला कुणी ‘नखरे करू नकोस’ म्हणावं, यासारखा अन्याय नाही.

दिसेनासं झालं तर सगळं घर धावपळ करतं. वास गेला तर ‘होईल बरं’ म्हणून विषय संपतो. दिव्यांगांच्या हक्कांसाठी २०१६ मध्ये झालेल्या कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. त्यात वास जाणं नाही. आणि इथे धोका तर खरा आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र रसायन मिसळतात. ज्याला तो वास येत नाही, त्याच्या घरी गॅसगळतीचा भोंगा हवाच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे भोंगा जमिनीलगत लावावा. पाइपने येणारा गॅस हलका, त्यासाठी छताजवळ. फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख लिहावी. विटलेली आमटी नाक सांगणार नाही.

जेवणाचं काय? मिठाचा हात सैल होतो, तो रोखावा, विशेषतः रक्तदाब असेल तर. मिरचीचा जाळ आणि पुदिन्याचा गारवा यांची खबर वेगळा मज्जातंतू नेतो, तो बहुधा शाबूत असतो. म्हणून अशा माणसाला ताटाची डावी बाजू जपावीशी वाटते: लिंबाची फोड, कुरकुरीत पापड, गार दह्यातली काकडीची कोशिंबीर, झणझणीत ठेचा. एकसारखी मऊ खिचडी समोर आली की दोन घासांत भूक मरते, खिचडीवर भाजलेले शेंगदाणे घातले की ती थोडी पुढे सरकते.

नाकाला पुन्हा शिकवताही येतं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये रुग्णांना १२ आठवडे, दिवसातून दोनदा चार वास घ्यायला लावले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सराव न करणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात सुधारणा दिसली. चारही वास आपल्याकडे सहज मिळतात. प्रत्येक वास दहाएक सेकंद, हलकेच आणि लक्ष देऊन घ्यायचा. मनात तो गुलाब, ती लवंग आठवायची. विषाणूमुळे वास गेलेल्यांना याचा फायदा जास्त होतो, डोक्याच्या माराने गेलेल्यांना कमी. नाकात मांसाचे कोंब वाढले असतील तर उपचार निराळे, तेव्हा आधी नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवावं. सुधारणा महिन्यांच्या हिशेबाने येते. मध्येच एखादा वास चुकीचा यायला लागला तर सराव सोडू नये. तुटलेल्या तंतूंची जोडणी नव्याने होत असताना असंही घडतं.